छोट्या पेटीची गिटार आणि एकच पिकअप

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचं नाव निघालं की लोकांना आधी बासरी आठवते. एका पायावर उभा राहून, केस पिंजारून बासरी फुंकणारा इयन अँडरसन इतक्या पोस्टरांवर आणि तबकड्यांच्या वेष्टनांवर छापला गेला आहे की बँडची ओळख तीच होऊन बसली. गंमत म्हणजे या बँडचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं, १९७१ च्या अल्बममधलं 'ॲक्वालंग', त्यात बासरीच नाही. ते गाणं दोन गिटारांचं आहे. एक करकरीत, विजेवरची. दुसरी लाकडी, हळू बोलणारी. मुरलेले चाहते एकत्र बसले की बासरीचा विषय पाच मिनिटांत संपतो आणि गिटारांचा सुरू होतो. 'ॲक्वालंग'मधला सोलो कुठल्या गिटारवर वाजला? 'थिक ॲज अ ब्रिक'च्या सुरुवातीला केपो, म्हणजे गळ्यावर तारा दाबून धरणारा चिमटा, कितव्या फ्रेटवर आहे? 'लोकोमोटिव्ह ब्रेथ'मधली गिटार खरोखर बँडचा गिटारवादक मार्टिन बारची का?

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कुठून आला यावर तास तास बोलणारे रसिक आपल्याकडेही आहेत, त्यामुळे या मंडळींना वेडं ठरवण्याची घाई मी करणार नाही. शिवाय त्यांच्या प्रश्नांमध्ये तथ्य आहे. टलमध्ये लाकडी गिटार एकाच्या हातात आणि विजेची दुसऱ्याच्या, अशी वाटणी चाळीसहून अधिक वर्षं टिकली. दोघांनीही ज्या गिटारांवर आपली खूण उमटवली त्या काहीतरी कमी असलेल्या होत्या. एकीला खर्ज कमी, दुसरीला पर्याय कमी. या बँडचा आवाज घडला तो त्या कमीपणातून, असं माझं मत आहे. गिटारचं नाव आणि साल एवढंच शोधणाऱ्या चाहत्याच्या हातून हीच बाजू निसटते.

आधी थोडा इतिहास. बँड उभा राहिला १९६७ च्या अखेरीस. क्लबात पुन्हा बोलावणं यावं म्हणून ही पोरं सतत नाव बदलत असत, आणि त्यातलं एक नाव त्यांच्या एजन्सीतल्या इतिहास शिकलेल्या माणसानं सुचवलं. मूळ जेथ्रो टल (१६७४–१७४१) हा इंग्लंडमधला शेतकरी. त्यानं १७०१ च्या सुमारास ओळीत बी पेरणारं यंत्र बनवलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तिफणीनं ओळीत पेरायला या गृहस्थाची वाट पाहावी लागली नव्हती, ही गोष्ट वेगळी. त्या नावाखाली खेळ जमला, क्लबानं पुन्हा बोलावलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

अँडरसन तेव्हा ब्लॅकपूलहून आलेला, विजेची गिटार वाजवणारा पोरगा होता. तो सांगतो की एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर त्याला कळून चुकलं, आपण इतके चांगले कधीच होणार नाही. मग त्यानं आपली पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर दुकानात देऊन टाकली आणि बदल्यात एक बासरी व शुअर कंपनीचा मायक्रोफोन घेतला. ही स्ट्रॅटोकास्टर पूर्वी लेमीकडे होती, म्हणजे पुढे मोटरहेड काढणाऱ्या त्याच लेमीकडे. आज ती सापडली तर लिलावात काय किंमत येईल याचा हिशोब चाहते अधूनमधून करतात. मला त्या व्यवहाराचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. बँडच्या मुख्य माणसानं विजेची गिटार सोडली, त्यामुळे ती जागा कायमची दुसऱ्याची झाली. अँडरसनकडे बासरी आली आणि पुढे गाणी लिहिता लिहिता लाकडी गिटारही हातात आली.

पहिला गिटारवादक मिक एब्रहम्स ब्लूजचा माणूस. १९६८ चा पहिला अल्बम झाल्यावर त्याचं आणि अँडरसनचं पटेना, तो वर्ष संपता संपता बाहेर पडला. मध्ये काही दिवस बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी आला. डिसेंबर १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'रॉक अँड रोल सर्कस'च्या चित्रीकरणात तो टलबरोबर दिसतो, तेही बहुतेक वाद्यांचा नुसता अभिनय करत. थेट होता तो फक्त अँडरसनचा आवाज आणि बासरी. आयोमी परत गेला आणि ब्लॅक सॅबथच्या वाटेला लागला. टलकडून आपण सकाळी वेळेवर तालमीला जायची शिस्त शिकलो, असं त्यानं नंतर सांगितलं आहे.

मग आला मार्टिन बार. पहिल्या चाचणीत तो इतका घाबरला की धड वाजवूच शकला नाही. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे ॲम्प नव्हता, आणि दुसऱ्याच्या ॲम्पला गिटार जोडायची वायरही नव्हती. अशा माणसाला बँडमध्ये घेणं हा एकतर अविचार असतो नाहीतर चांगला कान. १९६९ चा 'स्टँड अप' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा दोन्हींपैकी काय होतं ते ठरलं.

त्याच अल्बमवर 'बुरे' आहे. बाखच्या ई मायनर ल्यूट सुइटमधला (क्रमांक ९९६) हा नाच गिटार शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. अँडरसन ज्या खोलीत भाड्यानं राहत होता तिच्या खाली कुणीतरी विद्यार्थी तो क्लासिकल गिटारवर पुन्हा पुन्हा घोटत असे. तो कानावर पडून पडून अँडरसननं बासरीवर घेतला आणि जॅझच्या लयीवर सोडला. म्हणजे टलचा बासरीतला सगळ्यांत गाजलेला तुकडासुद्धा जमिनीच्या फटीतून गिटारनंच वर पाठवलेला.

आता 'ॲक्वालंग'. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर आयलंड कंपनीनं एका जुन्या चर्चमध्ये नवा स्टुडिओ थाटला होता. तिथल्या मोठ्या खोलीत टल, आणि लहान खोलीत लेड झेपेलिन आपला चौथा अल्बम करत होते. मोठी खोली थंड, घुमणारी, ध्वनिमुद्रणाला त्रासाची. लहान खोलीच चांगली होती असं अँडरसन बरीच वर्षं कुरकुरत राहिला.

बार या मुद्रणासाठी एक जुनी गिब्सन लेस पॉल ज्युनिअर घेऊन बसला होता, १९५० च्या दशकातली. तिची भुरळ त्याला पडली ती लेस्ली वेस्टमुळे. माउंटन या अमेरिकन बँडचा हा अगडबंब गिटारवादक ज्युनिअरमधून ढगफुटीसारखा आवाज काढायचा, आणि टल व माउंटन अमेरिकेत एकत्र दौरे करत होते. ज्युनिअर मुळात शिकाऊ पोरांसाठी काढलेली गिटार. गिब्सननं ती १९५४ मध्ये बाजारात आणली तेव्हा किंमत शंभर डॉलरच्या आत होती. महॉगनीची एक सपाट फळी. थोरल्या लेस पॉलवर असतो तसा मेपलचा कोरीव माथा नाही, बांधकामात चैन नाही. थोरलीवर दोन पिकअप, हिच्यावर एकच, तोही ब्रिजजवळ.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ज्युनिअरवरचा पी-९० पिकअप गिब्सननं १९४६ मध्ये काढला, त्यात साधारण दहा हजार वेढे असतात. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डळमळतं, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते, तीच ॲम्पमध्ये जाऊन मोठी होते. पण तेच वेढे आसपासच्या वीजप्रवाहाची ५० हर्ट्झची गुणगुणही उचलतात. गिब्सनच्याच सेथ लव्हर या तंत्रज्ञानं १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडून गुणगुण खोडणारा पिकअप बनवला, तो हंबकर. हंबकरचा आवाज गोल, भरीव, शांत. पी-९० चा आवाज उघडा, थोडा खरखरीत, मधल्या पट्टीत पुढे येणारा.

ब्रिजपाशी तार कमी हलते, तिथे मूळ स्वरापेक्षा वरचे अंतःस्वर जास्त ठळक येतात, म्हणून आवाजाला धार असते. गळ्याजवळ दुसरा पिकअप असता तर वादकानं बटण खाली करून मऊ आवाज घेतला असता. ज्युनिअरवर ती सोयच नाही. मऊ हवं तर हाताचा जोर कमी करा, नाहीतर आवाजाची खुंटी थोडी उतरवा. 'ॲक्वालंग'मधला बारचा सोलो हे लक्षात ठेवून ऐकला तर त्यातली हाताची हालचाल ऐकू येऊ लागते. कुठे तार दाबून ओढली आहे, कुठे नुसती टेकवली आहे. पुढे हायवॉटचा ॲम्प होता. 'द हू' आणि पिंक फ्लॉइड वापरत तोच, जोर वाढवला तरी आवाज लवकर फाटू न देणारा. त्यामुळे त्या सोलोत चूक लपवायला जागा नव्हती.

याच सोलोबद्दल बार एक किस्सा सांगतो. वाजवता वाजवता त्यानं मान वर केली तर काचेपलीकडे लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज उभा, हात हलवतोय. उलट हात हलवावा तर सोलो गेला. बारनं नुसतं हसून वाजवणं चालू ठेवलं. दुसरी धास्ती घरचीच होती: एक-दोन प्रयत्नांत गिटारचा सोलो जमला नाही तर तिथे बासरीचा सोलो होण्याची शक्यता असायची. बँडच्या सगळ्यांत प्रसिद्ध गाण्यात बासरी नाही याचं थोडं श्रेय त्या धास्तीलाही द्यायला हरकत नाही.

चाहत्यांच्या वादात एक खड्डा मात्र 'लोकोमोटिव्ह ब्रेथ'चा. त्याच अल्बममधलं हे आगगाडीसारखं धावणारं गाणं ऐकून कितीतरी जण बारच्या ज्युनिअरचं कौतुक करतात. प्रत्यक्षात बँडला त्या गाण्याची लय एकत्र वाजवून जमेना, तेव्हा अँडरसननं एकट्यानं बेस ड्रम आणि हाय-हॅट वाजवून सांगाडा केला, लाकडी गिटार घातली, विजेच्या गिटारचेही काही भाग स्वतः वाजवले, आणि बाकीच्यांनी त्यावर आपापलं चढवलं. क्लॅप्टनच्या धास्तीनं सोडलेली गिटार अशी मागच्या दारानं आत आली. कानानं वादक ओळखतो म्हणणाऱ्यांना हे गाणं जरूर ऐकवावं.

दुसरा धडा २०११ मधला. चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं मूळ फितींवरून 'ॲक्वालंग'चं नवं मिश्रण केलं. १९७१ च्या तबकडीवर सगळं थोडं दबलेलं, बोथट वाटायचं, आणि वर्षानुवर्षं लोक त्याचा दोष खोलीला, गिटारला, ॲम्पला देत होते. नव्या मिश्रणात तीच गिटार, तोच ॲम्प, तीच खोली, पण लाकडी गिटारच्या तारांवर बोट सरकल्याचासुद्धा आवाज स्पष्ट. काही जुन्या चाहत्यांना ते आवडलं नाही, त्यांना धुळकट आवाजच खरा वाटतो. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्याला चाहते गिटारचा स्वभाव समजत होते त्यातला बराचसा मिश्रणाचा होता, एवढं तरी सिद्ध झालं.

आता लाकडी बाजू. इथे एक गोंधळ टाळू: बारचं पहिलं नाव मार्टिन, आणि अमेरिकेतल्या प्रसिद्ध गिटार कंपनीचंही. सी. एफ. मार्टिन हा जर्मनीतून आलेला कारागीर, कंपनीची सुरुवात १८३३ ची, कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात. या कंपनीची जगभर नक्कल झालेली गिटार म्हणजे ड्रेडनॉट, रुंद कमरेची, एका युद्धनौकेचं नाव दिलेली. रॉक आणि कंट्री गायकांच्या गळ्यात बहुधा हीच असते. सत्तरच्या दशकात अँडरसनच्या हातात मात्र मार्टिनची ०-१६ एनवाय दिसते, 'न्यू यॉर्कर' म्हणतात ती. १९६१ मध्ये आलेलं हे मॉडेल जुन्या वळणाचं: पेटी लहान, पाठ महॉगनीची, वरची फळी स्प्रूसची, खुंट्यांच्या डोक्याला खाचा, आणि गळा पेटीला बाराव्या फ्रेटवरच भेटतो. एकोणिसाव्या शतकात घरच्या बैठकीत वाजवायच्या ज्या गिटारी असत, त्यांच्या कुळातली.

पेटी मोठी असली की आतली हवा खालच्या स्वरांना जोरात साथ देते. ड्रेडनॉटमध्ये ही हवेची घुमणी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असते. एकटा गायक असेल तर ही घुमणी सुखाची, त्याच्यामागे भिंत उभी राहते. पण टलमध्ये बेस गिटार आहे, ढोल आहे, ऑर्गन आहे, मध्ये बासरी आणि अँडरसनचा अनुनासिक आवाज. तिथे मोठ्या पेटीची गिटार चिखल करते. लहान पेटी खाली कमी बोलते आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मायक्रोफोनसमोरही ती कमी गुरगुरते, आणि तेव्हा मंचावर लाकडी गिटारला मायक्रोफोनचाच मोठा आधार होता.

त्यावर अँडरसन केपो लावतो. 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२), तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं एकच गाणं, सुरू होतं ते तिसऱ्या फ्रेटवर केपो लावून आणि डाव्या हातानं डी कॉर्डचा आकार धरून. ऐकू येतो एफ. आकडे पाहिले तर मजा येते. गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ देते. डीच्या आकारात मूळ स्वर चौथ्या तारेवर असतो, केपोनं तो चढून साधारण १७५ हर्ट्झवर जातो. म्हणजे कॉर्डचा पाया गिटारच्या तळापासून सप्तकभर आणि वर थोडा उचललेला. खालचं सगळं मैदान जेफ्री हॅमंडच्या बेससाठी मोकळं. केपो हे आळशी वादकाचं साधन आहे असं मानणारे गिटारशिक्षक अजूनही भेटतात. त्यांनी ही सुरुवात ऐकावी.

ही पद्धत अँडरसनकडे आली ती इंग्रजी लोकसंगीताच्या क्लबांतून. बर्ट जान्श आणि विशेषतः रॉय हार्पर यांचं ऋण तो उघडपणे मानतो. हार्परप्रमाणेच त्याचाही उजवा हात आक्रमक: झंकारत असताना मधूनच एखादी तार सुटी उचलायची, पुन्हा झंकार. त्या पिढीतल्या डेव्ही ग्रॅहमसारख्यांनी तारांची जुळवणीच बदलून वेगळे रंग शोधले. अँडरसनचा भर केपोवर राहिला. पुढे इंग्लंडच्या अँडी मॅन्सन या कारागिरानं त्याच्यासाठी लहान गिटारी घडवल्या, आणि २००४ मध्ये मार्टिन कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या ०-२८ वर बेतलेलं त्याच्या नावाचं मॉडेल काढलं.

दोन्ही गिटारांचं नातं एका बैठकीत ऐकायचं तर 'मिन्स्ट्रेल इन द गॅलरी' (१९७५) या अल्बमचं शीर्षकगीत. आधी अँडरसन आणि छोटी गिटार, जणू सरदाराच्या जेवणघरातला भाट. मग बारचा विजेचा भाग दार उघडून आत शिरतो आणि बराच वेळ गाणं हिसकावून घेतो. या गाण्याच्या श्रेयात अँडरसनबरोबर बारचंही नाव आहे, जे टलमध्ये क्वचित घडतं. याबद्दल चाहत्यांच्या मनात एक जुनी अढी आहे, आणि मला ती रास्त वाटते: इतक्या धुना रंगवणाऱ्या माणसाच्या वाट्याला श्रेय फार कमी आलं.

'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७) पासून बँड पुन्हा इंग्रजी खेड्याकडे वळला. त्यावर बारनं ल्यूटही वाजवली आहे आणि 'जॅक-इन-द-ग्रीन'ची सगळी वाद्यं एकट्या अँडरसननं. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आले, गिटारी बदलल्या, बारच्या हातात अमेरिकेच्या हेमर कंपनीच्या गिटारी दिसू लागल्या. त्या काळातल्या मॉडेलांवरचे वाद मला कंटाळवाणे वाटतात. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलचं ग्रॅमी मेटॅलिकाऐवजी टलला मिळालं आणि लोक खवळले, तो किस्सा सर्वश्रुत आहे. बासरीवाल्यांना मेटलचं बक्षीस कसं, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बारची गिटार ऐकली नव्हती एवढंच म्हणतो.

मुंबईच्या चाहत्यांची या बँडबद्दलची आठवण वेगळी आहे. सतारवादक अनुष्का शंकरबरोबरचा त्यांचा कार्यक्रम २९ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत ठरला होता. २६ तारखेच्या हल्ल्यामुळे तो रद्द झाला, आणि काही दिवसांतच, ५ डिसेंबरला, हल्ल्यातल्या पीडितांसाठी मदतनिधीचा कार्यक्रम म्हणून तो झाला. सतारीच्या शेजारी छोट्या पेटीची गिटार बरी बसते. 

त्यानंतर तीन-चार वर्षांत लाकडी आणि विजेच्या गिटारची ती जुनी वाटणी संपली. २०१२ मध्ये 'थिक ॲज अ ब्रिक २' अँडरसनच्या नावानं आला तेव्हा बार त्यात नव्हता. पुढे अँडरसननं जेथ्रो टल हे नाव तरुण गिटारवादक घेऊन पुन्हा चालवलं, आणि बार स्वतःचा बँड घेऊन तीच जुनी गाणी वाजवत फिरू लागला. कुणाचा टल खरा यावर चाहत्यांचे दोन तट आहेत. बारच्या गळ्यात आता पीआरएस कंपनीची पी-२२ असते. हिच्यावर नेहमीचे चुंबकी पिकअप आहेत, आणि ब्रिजमध्ये पिएझो स्फटिकांचा आणखी एक, तारेचा दाब थेट विजेत बदलून लाकडी गिटारसारखा आवाज देणारा. एक खुंटी फिरवली की विजेची गिटार, दुसरी फिरवली की लाकडी. अँडरसनच्या वाट्याचं कामही त्याच फळीतून निघतं. पिएझोचा आवाज जरा बदकासारखा येतो अशी तक्रार जुने चाहते करतात, आणि मन लावून ऐकलं तर ती खोटी नाही.